ट्रॅक्टरचे डिफरन्शियल व चाकांची पकड

पाटाच्या पाण्याने भिजलेल्या उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना, अथवा भारी काळ्या जमिनीत पुरता वाफसा येण्यापूर्वीच नांगर घातला असता, ट्रॅक्टर जागीच अडून पडल्याचे दृश्य ग्रामीण भागात वरचेवर पाहावयास मिळते. अशा वेळी त्याच्या मागील दोन चाकांकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येईल. एक चाक चिखल उडवीत गरगरा फिरत असते आणि दुसरे, बहुधा कोरड्या व घट्ट जमिनीवर असलेले चाक, अगदी स्तब्ध उभे असते. पाहणाऱ्यास वाटते की, यंत्रात काही बिघाड झाला. वस्तुतः बिघाड काहीच नसतो. ज्या चाकाला पाय रोवण्यास जागा आहे ते काम करीत नाही आणि ज्याला जागा नाही ते सगळा वेग खाऊन टाकते, ही मागील आसाच्या मध्यभागी बसविलेल्या डिफरन्शियल नावाच्या गिअरयोजनेची स्वाभाविक करणी होय. तिचे कार्य न समजल्यामुळे डिझेल व टायर वाया जातात, गिअरचे दाते मोडतात, आणि काही प्रसंगी चालकाच्या जिवावरही बेतते. म्हणून ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याने व त्यास सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने ही योजना मुळापासून समजून घेणे अवश्य आहे.

ही योजना कशासाठी?

बैलगाडीची आस फिरत नाही. तिच्या दोन टोकांवर दोन चाके स्वतंत्रपणे फिरतात. त्यामुळे गाडी वळताना आतले चाक हळू व बाहेरचे जलद फिरले तरी कोणाची अडचण होत नाही. खळ्यात मळणीच्या वेळी तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागीच फिरतो, तर पातीच्या बाहेरच्या टोकाच्या बैलाला भराभर पाय उचलावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. तेथे गाडीस कोणी पुढून ओढीत नाही. इंजिनाची शक्ती चाकांनाच फिरवते. तेव्हा चाके शाफ्टला पक्की जोडलेली असणे भाग आहे. परंतु दोन्ही चाके एकाच सलग शाफ्टला जोडली तर वळणार कसे?

हा फरक किती पडतो, ह्याचा हिशेब सोपा आहे. समजा, मागील दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर १.४ मीटर आहे. शेताच्या टोकाशी ट्रॅक्टर अर्धे वर्तुळ घेऊन परत फिरतो तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा ३.१४ × १.४ म्हणजे सुमारे ४.४ मीटर अधिक चालते. वळण मोठे असो वा लहान, हा आकडा बदलत नाही. चाकाचा घेर ४ मीटर धरला तर बाहेरच्या चाकाला एक पूर्ण फेरा व वर थोडे, इतके जास्त फिरावे लागते. सलग शाफ्ट असता तर दर वळणावर दोहोंपैकी एक चाक तेवढे अंतर फरफटत गेले असते. टायर झिजला असता, माती उकरली गेली असती, आणि ट्रॅक्टरने वळण्यास विरोध केला असता तो वेगळाच. ही अडचण दूर करणारी गिअरयोजना ओनेसिफोर पेकर ह्या फ्रेंच कारागिराने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजिली. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आजच्या मोटारी, ट्रक व ट्रॅक्टर ह्यांतील साधे डिफरन्शियल त्याच तत्त्वावर चालते.

इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाशी असलेला पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरवतो. क्राऊनला एक पेटी जखडलेली असते. पेटीच्या आत डाव्या व उजव्या चाकांच्या शाफ्टवर एकेक गिअर असतो, त्यास कारागीर सन गिअर म्हणतात; आणि ह्या दोहोंच्या मध्ये, दोघांशीही दाते जुळवून, लहान स्टार पिनियन बसविलेले असतात. ट्रॅक्टर सरळ जात असताना स्टार पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत. पेटी, सन गिअर व चाके एका वेगाने फिरतात. वळणावर आतले चाक मंदावले की स्टार पिनियन त्या बाजूच्या गिअरवर लोळू लागतात व जितका वेग आतल्या चाकाचा कमी झाला तितकाच बाहेरच्या चाकाला वाढवून देतात. एक चाक पूर्ण थांबले तर दुसरे पेटीच्या दुप्पट वेगाने फिरते. अडलेल्या ट्रॅक्टरचे एक चाक एवढे भयंकर गरगरते त्याचे कारण हेच.

समान ओढ : गुण आणि दोष

वेग असा हवा तसा वाटला जातो. ओढ मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंस नेहमी समानच देते. सर्व अडचणीचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे. बैलजोडीचे जू पाहावे. ते मध्यावर दोराने बांधलेले असते. दोन्ही बैल सारखे ओढतात तोवर जू आडवे राहून नांगर चालतो. एका बैलाचा पाय चिखलात घसरला व त्याने ओढणे सोडले, की जू तिरपे होते, दुसरा बैल कितीही बळकट असला तरी नुसता पुढे सरकतो, आणि नांगर जागचा हालत नाही. स्टार पिनियन म्हणजे दोन चाकांच्या मध्ये बांधलेले असेच एक लहानसे जू होय. दुबळ्या बैलाच्या बाजूस जू लांब सोडून त्याचा भार हलका करण्याची युक्ती शेतकऱ्यास येते. साध्या डिफरन्शियलमध्ये तेवढीही सोय नाही, त्याच्या दोन्ही बाजू कायमच्या सारख्या.

आता आकड्यांनी पाहू. प्रत्येक मागील चाकावर ६०० किलोग्रॅम भार आहे असे समजा. कोरड्या घट्ट जमिनीवरील चाक ३६० किलोग्रॅमपर्यंत ओढ लावू शकते आणि निसरड्या चिखलावरील चाक केवळ ९० किलोग्रॅम. शेतकऱ्यास वाटेल की, दोहोंची बेरीज ४५० व्हावी. तसे होत नाही. चिखलातील चाक ९० च्या पुढे गेले की घसरते. त्यास ९० पेक्षा अधिक ओढ देता येत नाही, म्हणून दुसऱ्यासही ९० च मिळते. एकूण ओढ होते १८०. नांगराला ३५० किलोग्रॅमची ओढ लागत असेल तर ट्रॅक्टर अडणारच. ॲक्सिलरेटर वाढवून इंजिनाने कितीही गर्जना केली तरी १८० चे १८१ होत नाहीत. घसरणारे चाक फक्त खोल खड्डा करते व ट्रॅक्टरचे पोट जमिनीला टेकते. अडलेल्या ट्रॅक्टरवर वेग वाढविणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

नांगरटीत हा प्रकार चिखल नसतानाही घडतो. पलटी नांगराने नांगरताना एका बाजूचे चाक तासात व दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर चालते. ट्रॅक्टर तासाच्या बाजूस कलतो, वजन तिकडे झुकते, वरचे चाक हलके होऊन आधी घसरू लागते. आणि मग तासातील जड चाकाची ताकदही फुकट जाते.

डिफरन्शियल लॉक

ह्यावरील उपाय म्हणजे जू तिरपे होऊ न देणे. चालकाच्या आसनाजवळ टाचेने दाबावयाचे एक लहान पेडल असते. ते दाबले की, एका बाजूचा शाफ्ट दातेरी जोडणीने पेटीलाच जखडला जातो. स्टार पिनियनांना लोळण्यास वाव राहात नाही व दोन्ही चाके सलग शाफ्टवर असल्याप्रमाणे एका वेगाने फिरतात. वरील उदाहरणात आता घट्ट जमिनीवरील चाकाला ३६० व चिखलातील चाकाला ९० अशी ओढ वेगवेगळी मिळते आणि एकूण ४५० होऊन नांगर निघतो. इंधन अधिक लागत नाही, यंत्राचा आकार वाढत नाही. अडविलेली ताकद तेवढी मोकळी होते.

अनेक चालक मात्र हे पेडल नको त्या वेळी वापरतात. एक चाक जोराने फिरत असताना पेडल दाबले तर जोडणीचे फिरते दाते थांबलेल्या दात्यांवर आदळून मोडतात. म्हणून आधी क्लच दाबून चाक पूर्ण थांबू द्यावे, मग लॉकचे पेडल दाबावे, खालच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा आणि सरळ रेषेत बाहेर निघावे. त्याहून चांगले म्हणजे पुढे निसरडी जागा दिसत असल्यास तेथे पोचण्यापूर्वीच, दोन्ही चाके सारखी चालत असताना, लॉक टाकणे. चाक घसरून खड्डा पडल्यावर लॉकचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

पाय काढल्यावर स्प्रिंगच्या जोराने लॉक सुटावयास पाहिजे. पण दोन्ही चाकांवर असमान ताण असला तर दाते एकमेकांत दाबून बसतात व ते सुटत नाही. अशा वेळी क्लच क्षणभर दाबून ताण सैल करावा. तरीही न सुटल्यास डावा व उजवा ब्रेक हलकेच आळीपाळीने दाबावा. लॉक सुटल्याची खात्री होईपर्यंत वळू नये. लॉक पडलेला ट्रॅक्टर सुकाणूचे ऐकत नाही. पुढची चाके वळलेली असली तरी मागची दोन्ही चाके त्याला सरळ ढकलीत राहतात. शेताच्या टोकाशी बांध असेल तर ट्रॅक्टर बांधावर चढेल. तेथे बिनकठड्याची विहीर असेल, तर काय होईल हे सांगावयास नको. डांबरी रस्त्यावर वळताना लॉक राहिले तर घट्ट पकडीमुळे चाके फरफटूही शकत नाहीत व सगळा पीळ शाफ्ट आणि गिअर ह्यांवर येतो.

लॉक टाकूनही ट्रॅक्टर निघत नाही, असे अनेकदा होते. येथे थांबणे हेच शहाणपण. चाकांपुढे लाकडाचे ओंडके साखळीने बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची रीत अतिशय घातक आहे. मागील चाकांना फिरण्यास वाव उरला नाही व क्लच एकदम सोडला, तर पिनियन अडलेल्या क्राऊनवर चढू लागतो आणि चाकांऐवजी ट्रॅक्टरचे धडच मागील आसाभोवती फिरते. पुढील चाके वर उचलली जातात व सुमारे दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकासह मागे उलटतो; उडी मारण्यास तेवढा वेळ पुरत नाही. ओढावयाची साखळी मागील आसाच्या पातळीपेक्षा उंच बांधली तरी हाच धोका संभवतो. ती नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. रुतलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली वा अवजार सोडवून, चाकांमागची माती काढून, आल्या वाटेने मागे घेऊन पाहावे. नच जमल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे.

दोन ब्रेकांचे रहस्य

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे का, असा प्रश्न नवा चालक विचारतो. त्याचेही उत्तर डिफरन्शियलमध्येच आहे. शेतात वळताना आतील चाकाचा ब्रेक दाबला की, त्या चाकाचा वेग बाहेरच्या चाकास मिळतो व ट्रॅक्टर थोड्या जागेत फिरतो. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकासा दाबल्यासही थोडा लाभ होतो. फिरण्यास जेवढा अडथळा त्या चाकाला झाला, तेवढी ओढ समानतेच्या नियमाने दुसऱ्या चाकाला अधिक मिळते. मात्र ह्यात शक्तीचा मोठा भाग ब्रेक तापविण्यात जातो. लॉक असताना हा मार्ग धरू नये.

रस्त्यावर हेच दोन ब्रेक काळ ठरतात. दोन पेडले जोडणारी पट्टी शेतात सोडलेली असते, ती गळीत हंगामाच्या धावपळीत तशीच राहते. मागे उसाच्या ट्रॉल्या, उतार, आणि घाईत एकच पेडल दाबले गेले तर एक चाक धरले जाते, दुसरे धावत राहते, मागून ट्रॉली ढकलते, आणि ट्रॅक्टर आडवा होऊन पालथा पडतो. शेताबाहेर रस्त्याला लागण्यापूर्वी ही पट्टी बसविली आहे की नाही, हे चालकाने वाकून हाताने चाचपून पाहावे. मालकानेही ह्या बाबतीत चालकाच्या शब्दावर विसंबू नये.

लॉक हा वजनाला पर्याय नव्हे

दोन्ही चाके एकाच वेळी घसरत असतील तर लॉकचा काही उपयोग नाही. तेथे चाकांवर भार कमी आहे किंवा अवजार झेपण्यापलीकडचे आहे. घसरण मोजण्यासाठी चाकावर खडूची खूण करून, अवजार उचललेले असताना चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो ते मोजावे आणि मग नांगर जमिनीत असताना तेच पुन्हा मोजावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले तर घसरण १५ टक्के झाली. मागील दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरात १० ते १५ टक्के घसरण स्वाभाविक समजावी. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर चाकांना वजने लावावीत, टायरमध्ये तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरावे, अथवा नांगराची खोली कमी करावी. वजन फार वाढविल्यास भारी जमीन दाबली जाते, हेही विसरू नये. दोन्ही मागील टायरांतील हवा सारखी ठेवावी. एक टायर बसका असला तर सरळ चालतानाही डिफरन्शियलला सतत काम पडते.

चार चाकी ओढ, जीप व मोटार

चारही चाकांना शक्ती देणारा ट्रॅक्टर कधीच अडत नाही, ही समजूत खरी नाही. पुढच्या व मागच्या दोन्ही आसांत साधे डिफरन्शियल असले तर पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके निसरड्या बाजूस पडताच चारचाकी वाहनही जागीच अडते. शिवाय शेतातील ओढीसाठी पुढील चाके किंचित अधिक वेगाने चालतील अशी ट्रॅक्टरात योजना असते. मऊ मातीत हा फरक घसरणीत जिरतो. पक्क्या रस्त्यावर तो जिरत नाही, म्हणून तेथे पुढील ओढ सोडून ठेवावी. पुढील व मागील आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसलेल्या जीपलाही पक्क्या रस्त्यापुरता हाच नियम लागू आहे.

मोटारीत ओढीइतकाच वेगात वळण्याचा प्रश्न महत्त्वाचा असतो. वळणावर गाडी बाहेर झुकते, आतले चाक हलके होते, आणि साधे डिफरन्शियल असल्यास ते घसरून बाहेरच्या चाकाची ओढही घालविते. पूर्ण लॉक केल्यास गाडी वळणातून सरळ बाहेर जाऊ पाहते. ह्या दोहोंमधला मार्ग म्हणून घसरण मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल निघाले. १९३५ साली फर्डिनांड पोर्श ह्यांनी शर्यतीच्या मोटारीसाठी ते जर्मनीतील झेड. एफ. कंपनीकडून करवून घेतले. ह्यात कोठे घर्षणाच्या चकत्या असतात, तर कोठे एकमेकांत आवळणारे मळसूत्री गिअर. घट्ट जागेवरील चाकास घसरणाऱ्या चाकाच्या तिप्पट ओढ देणारी अशी रचना वरील उदाहरणात बसविली तर ९० च्या जोडीस २७० मिळून एकूण ३६० होतात : साध्याहून दुप्पट, लॉकपेक्षा कमी, पण चालकास पेडल दाबावे लागत नाही व वळणेही शक्य राहते. काही चारचाकी ट्रॅक्टरांच्या पुढील आसात हीच जात वापरतात, कारण पुढील चाकांना ओढावेही लागते आणि वळावेही लागते. मागील आसास शक्ती देणाऱ्या मोटारीत मात्र ओल्या रस्त्यावर एक तोटा संभवतो : जोर अधिक दिल्यास दोन्ही मागील चाके एकदम घसरून गाडीची मागची बाजू फिरते. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक घसरते व दुसरे गाडीला सावरून धरते. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत साधेच डिफरन्शियल ठेवून घसरणाऱ्या चाकाला विजेच्या नियंत्रणाने ब्रेक लावतात. ट्रॅक्टरचालकाची जुनी युक्तीच ती.

कोकणातील भातखाचरांत वापरला जाणारा पॉवर टिलर ह्या सर्वांहून निराळा. त्यास सामान्यतः डिफरन्शियल नसते; प्रत्येक चाकाचा क्लच वेगळा असून त्याचा खटका हँडलाशी असतो. सपाटीवर डावा खटका दाबला की डाव्या चाकाची शक्ती तुटते व यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर मात्र इंजिन यंत्राला मागे धरून असते. तेथे डावा खटका दाबल्यास सुटलेले डावे चाक पुढे धावते, धरलेले उजवे मागे राहते आणि यंत्र उजवीकडे वळते. हे माहीत नसलेला चालक गोंधळून खटका आणखी घट्ट दाबतो. घाटीच्या वाटेने उतरताना खालचा गिअर घालावा, खटक्यांना हात लावू नये व दिशा हँडल ढकलूनच बदलावी.

गावातील बैठकीत हे सर्व दाखविण्यास नादुरुस्त यंत्राची वा चित्रांची गरज नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, पुढील चाकांना दगडांची ओट लावावी, मागील आस उचलून तिच्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत; नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवू नये. गिअर पडलेला असताना एक चाक हाताने पुढे फिरविले की दुसरे मागे फिरते : पेटी स्थिर असते व स्टार पिनियन लोळत असतात. नंतर गिअर काढून लॉकचे पेडल दाबून धरावे व एका चाकास हळूहळू फिरवावे. दाते जुळताच दोन्ही चाके एकाच दिशेने फिरू लागतील. पेडल सोडल्यावरही ती तशीच एका दिशेने फिरत राहिली, तर स्प्रिंग वा जोडदांडा अडकलेला आहे. आणि पेडल दाबूनही उलटसुलटच फिरली, तर दाते झिजलेले आहेत. दोन्ही परिस्थितींत तो ट्रॅक्टर हंगामापूर्वी कारागिराकडे न्यावा.